पुंजविज्ञान : गैरसमजांचा पसारा आणि ज्ञानाची वाटचाल

(राष्ट्रीय विज्ञान दिनानिमित्त दिलेल्या व्याख्यानाचे संपादित शब्दांकन)



चंद्रशेखर वेंकट रामन यांना २८ फेब्रुवारी १९२८ रोजी कलकत्त्यात लागलेल्या शोधाचे स्मरण म्हणून आजचा दिवस आपण साजरा करतो. रामन परिणाम सोप्या रीतीने समजून घ्यायचा तर प्रकाश ऊर्जेच्या ठरावीक पुडक्यांनी येतो-जातो, हे आधी मान्य करावे लागते. या पुडक्याला मराठी परिभाषेने ‘पुंज’ असा सुरेख शब्द दिला आणि त्या शास्त्राला पुंजयामिकी. पण बाजाराने पुंज बाजूला सारून ‘क्वांटम’ उचलला, आणि आज त्या शब्दाचे जे काय झाले आहे, ते पाहिले की आजच्या दिवशी दुसरा विषय घ्यावासा वाटेना.

मी कलाशाखेचा पदवीधर, व्यवसायाने पत्रकार. समीकरणे सोडवून दाखवणे माझ्या आवाक्याबाहेरचे आहे. मात्र शब्दांचा व्यापार हा माझा धंदा, आणि पुंजविज्ञानाविषयीचे बहुतेक गैरसमज समीकरणांत नसून शब्दांत जन्मले आहेत. तेवढ्या अधिकाराने बोलतो.

आरोग्य शिबिरांमधून एक यंत्र हल्ली फिरते. रुग्णाने धातूची मूठ तळहातात धरायची. मिनिटभरात यकृतापासून हाडांपर्यंत साऱ्या शरीराचा तीस-पस्तीस पानी अहवाल छापून येतो. यंत्राच्या नावात ‘क्वांटम’ असते. हातात मूठ धरून फार तर त्वचेचा विद्युतरोध मोजता येईल. त्यावरून स्वादुपिंडाचा पुंज-आलेख निघतो, हे कोणत्याही भौतिकीच्या पुस्तकात नाही. माझ्या परिचयातील एका गृहस्थांनी असा ‘उत्तम’ अहवाल हाती पडताच मधुमेहाच्या गोळ्या बंद केल्या आणि दोन महिन्यांनी ते अतिदक्षता विभागात होते. नेदरलँड्सच्या अणुसुरक्षा प्राधिकरणाने डिसेंबर २०२१ मध्ये दहा वस्तूंबाबत सावधगिरीचा इशारा दिला. मोबाइलच्या लहरींपासून संरक्षण म्हणून विकली जाणारी लोलके आणि कडी त्यात होती, काहींच्या नावात हाच शब्द होता; आणि तपासणीत त्या वस्तूंतूनच घातक किरणोत्सर्ग होत असल्याचे आढळले. शब्दाचा मोह कुठवर नेतो, ते यावरून दिसते.

मुळात हा शब्द आला कसा? पाठ्यपुस्तकांत एक गोष्ट सांगितली जाते. जुन्या भौतिकीनुसार तापलेल्या वस्तूने अतिनील टोकाला अनंत ऊर्जा बाहेर टाकायला हवी होती. या संकटातून सुटका करण्यासाठी मॅक्स प्लँक यांनी १९०० साली पुंजाची कल्पना मांडली. गोष्ट नीटनेटकी आहे, पण घडले तसे नाही. रेली यांचे त्या संदर्भातील टिपण १९०० सालचेच असले, तरी हे ‘संकट’ म्हणून पुढे आले नंतर, आणि त्याला ‘अतिनील अरिष्ट’ हे नाव एहरनफेस्ट यांनी १९११ साली दिले. प्लँक यांच्यापुढे अरिष्ट नव्हते, मोजमापे होती. बर्लिनच्या राष्ट्रीय मापन संस्थेत दिव्यांच्या प्रकाशाचे प्रमाण ठरवण्यासाठी तापलेल्या कृष्णवस्तूच्या प्रारणाची काटेकोर मोजणी चालू होती. ऑक्टोबर १९०० मध्ये हाइनरिश रूबेन्स यांनी प्लँक यांच्या घरी येऊन सांगितले की, लांब तरंगांच्या बाजूला आकडे तोवरच्या सूत्राशी जुळत नाहीत. प्लँक यांनी आकड्यांना बसेल असे सूत्र काढले, आणि मग ते सूत्र का बसते याचे कारण शोधत १४ डिसेंबर रोजी ऊर्जेच्या पुडक्यांपर्यंत आले. पुढे १९३१ साली एका पत्रात त्यांनी या कृतीचे वर्णन हताशेपोटी केलेले कृत्य असेच केले आहे. निसर्ग खरोखरच तुटक आहे, असे त्यांना त्या वेळी म्हणायचे होते की नाही, यावर विज्ञानाचे इतिहासकार आजही वाद घालतात.

खरे धाडस १९०५ साली आइन्स्टाईन यांनी केले. प्रकाश स्वतःच पुंजरूप आहे, असे ते म्हणाले. याचे स्वागत कसे झाले? १९१३ मध्ये प्लँक प्रभृतींनी प्रशियाच्या अकादमीवर आइन्स्टाईन यांना घ्यावे अशी शिफारस केली, तेव्हा प्रकाशपुंजाच्या बाबतीत या तरुणाचा नेम चुकला असेल, तरी ते त्याच्याविरुद्ध धरू नये, अशा आशयाची सारवासारव त्यांना करावी लागली. म्हणजे पुंजाचा जनकच पुंजाच्या पुढच्या पिढीकडे संशयाने पाहत होता.

त्याहून बोधप्रद कथा रॉबर्ट मिलिकन यांची. शिकागोच्या या निष्णात प्रयोगकर्त्याला आइन्स्टाईन यांचे म्हणणे अजिबात पटले नव्हते. सुमारे दहा वर्षे त्यांनी प्रकाशविद्युत परिणामाची मोजणी केली. धातूचा पृष्ठभाग निर्वातातच खरवडून स्वच्छ करणारी यंत्रणा काचेच्या नळीत बसवली. १९१६ साली निकाल आला : आइन्स्टाईन यांचे समीकरण तंतोतंत बरोबर. मिलिकन यांनी तो निकाल जसाच्या तसा प्रसिद्ध केला. समीकरण खरे, पण त्यामागची प्रकाशपुंजाची कल्पना मात्र टिकणारी नाही, असे त्यानंतरही ते म्हणत राहिले. मला या माणसाचे फार कौतुक वाटते. स्वतःच्या मताविरुद्ध जाणारा आकडा त्यांनी लपवला नाही, आणि आकडा आला म्हणून एका रात्रीत मतही बदलले नाही. १९२३ साली कॉम्प्टन यांनी क्ष-किरण इलेक्ट्रॉनवर आदळून चेंडूसारखे उडतात हे दाखवले, तरीसुद्धा नील्स बोर यांनी १९२४ मध्ये प्रकाशपुंज टाळणारा एक सिद्धांत मांडून पाहिला. प्रयोगांनी तो वर्षभरात मोडीत काढला, तेव्हा बोर यांनी हट्ट सोडला. म्हणजे एक कल्पना सर्वमान्य व्हायला वीस वर्षे लागली, आणि तिला अडवणारे लोक मूर्ख नव्हते.

आता ज्याचा सर्वाधिक विपर्यास झाला त्या अनिश्चितता तत्त्वाकडे वळू. वेर्नर हायझेनबर्ग यांनी ते १९२७ साली मांडले. आपल्याकडे त्याचा अर्थ ‘विज्ञानानेच मान्य केले की काहीही निश्चित नाही’ असा केला जातो. व्याख्यानांतून, कीर्तनांतून आणि अग्रलेखांतूनही मी तो ऐकला-वाचला आहे. तत्त्व सांगते ते इतकेच : कणाचे स्थान आणि संवेग या जोडीची अचूकता एका ठरावीक मर्यादेपलीकडे एकाच वेळी जाऊ शकत नाही. ती मर्यादा किती हे आकड्यांत पाहा. इलेक्ट्रॉन अणूएवढ्या जागेत कोंडला, तर त्याच्या वेगातील अनिश्चितता सेकंदाला किमान पाचशे ते सहाशे किलोमीटर होते. हीच मर्यादा १६० ग्रॅमच्या क्रिकेटच्या चेंडूला लावा. त्याचे स्थान मिलिमीटरच्या हजाराव्या भागापर्यंत ठाऊक आहे असे धरले, तर या तत्त्वापोटी येणारी वेगातील किमान अनिश्चितता इतकी क्षुल्लक, की विश्वाच्या साऱ्या वयात, १३८० कोटी वर्षांत, चेंडूच्या जागेत साधारण एका अणूच्या रुंदीएवढा फरक पडेल. त्रिफळा उडाल्यावर हायझेनबर्गकडे बोट दाखवता येणार नाही! आणि ज्या शास्त्राला आपण अनिश्चिततेचे शास्त्र म्हणतो, त्याने वर्तवलेले इलेक्ट्रॉनच्या चुंबकत्वाचे मूल्य प्रयोगाशी दहाहून अधिक अंकांपर्यंत जुळते. इतका काटेकोरपणा मानवाच्या दुसऱ्या कोणत्या ज्ञानशाखेत आहे?

याच तत्त्वाविषयी दुसरा गैरसमज खुद्द शास्त्रज्ञांनी पसरवला. मोजमाप करताना कणाला धक्का लागतो, म्हणून अनिश्चितता येते, असे हायझेनबर्ग यांनीच सूक्ष्मदर्शकाच्या दृष्टांताने समजावले होते. परंतु त्याच वर्षी केनार्ड यांनी जे गणिती रूप सिद्ध केले, त्यात धक्क्याचा संबंध नाही. कणाच्या अवस्थेतच ती मर्यादा आहे. जपानचे मासानाओ ओझावा यांनी २००३ साली मोजणीची चूक आणि मोजणीचा धक्का यांचे वेगळे सूत्र दिले, आणि २०१२ मध्ये व्हिएन्ना व टोरोंटो येथील प्रयोगांनी हायझेनबर्ग यांचा मूळ दृष्टांत शब्दशः घेता येत नाही हे दाखवले. गुरूचे गणित टिकले, गुरूने दिलेला दृष्टांत ८५ वर्षांनी दुरुस्त झाला. दृष्टांत आणि सिद्धांत यांतला फरक आपल्या परंपरेला नवा नाही; दृष्टांत फार ताणू नये, असे आपले भाष्यकार बजावत आले आहेत.

‘निरीक्षक’ या शब्दाने केलेला घोटाळा याहून मोठा आहे. ‘पाहणाऱ्याच्या जाणिवेने वास्तव घडते, असे क्वांटमने सिद्ध केले’ हे वाक्य आपण सर्वांनी ऐकले असेल. पुंजयामिकीत निरीक्षक म्हणजे डोळे असलेला माणूसच हवा असे नाही. एखादी छायाचित्रण पट्टी, एखादा संवेदक किंवा हवेचा रेणूदेखील ते काम करतो. जाणिवेचा विचार कोणी मांडलाच नाही, असे मात्र नाही. नोबेल विजेते युजीन विग्नर यांनी १९६१ साली तो गंभीरपणे मांडला होता. पुढे डीटर त्से यांनी १९७० पासून असे दाखवायला सुरुवात केली की, आजूबाजूच्या असंख्य रेणूंशी आणि प्रकाशकणांशी होणाऱ्या संपर्कामुळे पुंजीय वैशिष्ट्ये विलक्षण वेगाने पुसली जातात, त्यासाठी मनाची गरज नाही. हे विचारात घेऊन विग्नर यांनी आपले मत सोडले. श्रोतेहो, १९६१ चा विग्नर शेकडो पुस्तकांत उद्धृत होतो. त्यानंतरचा विग्नर कोणी सांगत नाही. पत्रकारितेतही हे नित्य घडते. बातमी पहिल्या पानावर येते आणि दुरुस्ती सातव्या पानावर.

श्रोडिंगर यांच्या मांजराचेही तसेच. १९३५ साली त्यांनी ते पेटीत बंद केले ते त्या काळच्या अर्थ लावण्याच्या पद्धतीतील विसंगती दाखवण्यासाठी. ‘मांजर एकाच वेळी जिवंत आणि मृत’ हा त्यांचा दावा नव्हता, तो त्यांनी केलेला उपहास होता. आज टी-शर्टावर तो सिद्धांत म्हणून मिरवतो.

श्रोडिंगर यांचे नाव निघाले, तेव्हा आपल्या सभागृहांत वारंवार होणाऱ्या एका प्रतिपादनाकडे यावेच लागते. पुंजविज्ञान उपनिषदांतून आले, असे ते प्रतिपादन. श्रोडिंगर वेदान्ताचे खरेखुरे अभ्यासक होते, यात तिळमात्र शंका नाही. शोपेनहॉवर वाचता वाचता ते उपनिषदांकडे वळले, १९२५ सालच्या शरद ऋतूत त्यांनी आपल्या जीवनदृष्टीवर जे लिहिले, त्यात वेदान्त आहे. १९४४ च्या ‘व्हॉट इज लाइफ?’ या पुस्तकाच्या अखेरीसही आहे. एका श्रेष्ठ वैज्ञानिकाला आपल्या ऋषींच्या विचारात आधार मिळाला, याचा अभिमान वाटणे स्वाभाविक आहे, मलाही वाटतो. पण त्यांचे समीकरण आले कुठून? द ब्रॉय्ली यांच्या १९२४ च्या प्रबंधातून, हॅमिल्टन यांच्या प्रकाशशास्त्र आणि यामिकी यांच्या साम्यातून, आणि हायड्रोजनच्या वर्णपटाशी केलेल्या झटापटीतून. सापेक्षतेसह केलेला पहिला प्रयत्न प्रयोगाशी जुळेना, म्हणून त्यांनी तो बाजूला ठेवला. उपनिषदातून समीकरण आले असते, तर हायड्रोजनपुढे त्याला माघार घ्यावी लागली नसती. आणि १९५८ च्या ‘माइंड अँड मॅटर’मध्ये श्रोडिंगर स्वतः सांगतात की, पाश्चात्त्य विज्ञानाला पौर्वात्य विचाराच्या रक्ताची गरज आहे खरी, पण रक्त देताना ते गोठणार नाही याची काळजी घ्यावी लागते, आणि आपल्या विचारातील तार्किक काटेकोरपणा गमावून चालणार नाही. त्यांना आपले म्हणणाऱ्यांनी त्यांचा हा इशाराही आपला म्हणायला हवा.

हायझेनबर्ग यांच्याबद्दलही असेच सांगतात : रवींद्रनाथ ठाकूर यांच्याशी झालेल्या चर्चेतून त्यांना अनिश्चितता तत्त्व सुचले. ते कलकत्त्यात आले आणि रवींद्रनाथांना भेटले, हे खरे. त्या बोलण्याने त्यांना दिलासा मिळाला, असे फ्रिट्जॉफ काप्रा यांनी त्यांच्याशी झालेल्या संभाषणाच्या आधारे लिहिले आहे. परंतु भेट १९२९ सालची आणि तत्त्व १९२७ सालचे. दिनदर्शिका उघडली तरी पुरे.

राहिले महर्षी कणाद. वैशेषिकांचा परमाणू नित्य आहे, अविभाज्य आहे. दोन परमाणूंचे द्व्यणुक, तीन द्व्यणुकांचे त्र्यणुक, आणि खिडकीतून येणाऱ्या कवडशात तरंगताना दिसतो तो त्र्यणुक. केवळ तर्काने दृश्यापासून अदृश्यापर्यंत चढत जाणारी ही मांडणी थक्क करणारी आहे. तिला पुंजविज्ञान म्हणून तिचा गौरव वाढतो का? डाल्टन यांनी १८०८ साली अणू अविभाज्य म्हणून मांडला. १८९७ मध्ये इलेक्ट्रॉन सापडला, १९११ मध्ये अणुकेंद्र, १९३२ मध्ये न्यूट्रॉन, १९६४ मध्ये क्वार्कची कल्पना आली. दरवेळी आपण कणादांच्या सूत्रांचा अर्थ बदलणार असू, तर आपण कणादांना प्रयोगशाळेच्या वार्तापत्राला बांधून टाकले असे होईल. आणि उद्या क्वार्कच्या आतही काही सापडले, तर चूक कणादांच्या पदरी टाकणार काय? शिवाय एक गंमत बहुतेकांच्या लक्षात येत नाही. आद्य शंकराचार्यांनी ब्रह्मसूत्रभाष्याच्या दुसऱ्या अध्यायात वैशेषिकांच्या परमाणुकारणवादाचे सविस्तर खंडन केले आहे. मग परमाणूही क्वांटम आणि अद्वैतही क्वांटम, असे एकाच श्वासात म्हणणारा वक्ता नेमका कोणाच्या बाजूने उभा असतो? आपल्याकडे वादात उतरण्यापूर्वी पूर्वपक्ष प्रामाणिकपणे मांडण्याची शिस्त होती. या वादातला पूर्वपक्ष म्हणजे आजची भौतिकी, आणि ती न शिकता काढलेल्या उत्तरपक्षाला शंकराचार्यांनी उभे केले नसते.

पुंजविज्ञानात भारताचा वाटा हवा असेल, तर तो कल्पून काढण्याची गरजच नाही. सत्येंद्रनाथ बोस यांनी मेघनाद साहा यांच्यासमवेत आइन्स्टाईन यांचे सापेक्षतेवरील निबंध इंग्रजीत आणले. कलकत्ता विद्यापीठाने ते १९२० साली प्रसिद्ध केले. जून १९२४ मध्ये डाक्क्याला शिकवणाऱ्या तीस वर्षांच्या या अध्यापकाने आइन्स्टाईन यांना पत्र पाठवले. सोबत चार-पाच पानांचा निबंध होता. प्लँक यांचे सूत्र सिद्ध करताना तोवर सारेजण अर्धे जुने भौतिकशास्त्र उसने घेत होते. बोस यांनी प्रकाशकण एकमेकांपासून ओळखू न येणारे मानून मोजणी केली आणि सूत्र थेट हाती आले. दोन नाण्यांत छापा-काटा आणि काटा-छापा या आपण दोन शक्यता मोजतो. प्रकाशकणांत ती एकच मोजायची. आइन्स्टाईन यांनी निबंध स्वतः जर्मनमध्ये अनुवादित करून छापवला आणि ही रीत अणूंना लावली. आपण काही अगदी नवे केले आहे याची कल्पना आपल्याला त्या वेळी नव्हती, असे बोस यांनी पुढे सांगितले. त्यातून वर्तवलेली द्रव्याची नवी अवस्था १९९५ साली अमेरिकेत प्रत्यक्ष तयार झाली, आणि तिच्या कर्त्यांना २००१ चे नोबेल मिळाले. २०१२ मध्ये हिग्ज बोसॉन सापडला तेव्हा आम्हा वृत्तपत्रवाल्यांना ‘देवकण’ या शब्दाची भुरळ पडली. ‘बोसॉन’ या शब्दात दडलेले बोस मात्र आतल्या पानावर राहिले.

दूरस्थ कणांच्या परस्परगुंतवणुकीबद्दल थोडक्यात सांगतो, कारण तिचा आधार टेलिपथीला दिला जातो. जॉन बेल यांनी १९६४ साली कसोटी सुचवली; १९७२ मध्ये फ्रीडमन व क्लाउझर, १९८२ मध्ये अस्पे, आणि पळवाटा बुजवून २०१५ मध्ये तीन स्वतंत्र गटांनी ती पार पाडली. क्लाउझर, अस्पे आणि झायलिंगर यांना २०२२ चे नोबेल मिळाले. दूरच्या दोन कणांचे निकाल विलक्षण जुळतात, हे सिद्ध आहे. पण प्रत्येक ठिकाणी बसलेल्या माणसाला आपले निकाल नाणेफेकीसारखेच दिसतात. जुळणी कळते ती दोन्ही वह्या शेजारी ठेवल्यावर, आणि वही प्रकाशापेक्षा वेगाने जात नाही. निरोप पाठवण्याची सोय त्यात नाही.

‘विज्ञान रोज बदलते, मग त्यावर विश्वास का ठेवायचा?’ हा प्रश्न मला नेहमी विचारला जातो. २३ ऑगस्ट २०२३ रोजी चांद्रयान-३ चंद्राच्या दक्षिण ध्रुवाजवळच्या प्रदेशात उतरले, त्याच्या मार्गाचे गणित मुख्यतः न्यूटन यांच्या नियमांवर उभे होते, आणि त्याच यानातील चिपा पुंजयामिकीवाचून बनल्या नसत्या. नव्याने जुन्याला हाकलले नाही. जुन्याची हद्द आखून दिली. हद्दीच्या खुणाही सरकत असतात. पुंजीय वर्तन फक्त सूक्ष्मातच, असे आपण शिकलो. क्लार्क, डेव्होरे आणि मार्टिनिस यांनी १९८४-८५ मध्ये हातात धरता येईल अशा विद्युत-मंडलात ते दाखवले होते, आणि त्यासाठी त्यांना २०२५ चे नोबेल मिळाले.

मग आता सारे कळले आहे काय? जून २०२५ मध्ये हेलिगोलँड बेटावर, जिथे शंभर वर्षांपूर्वी तेवीस वर्षांच्या हायझेनबर्ग यांना पहिली वाट दिसली होती, जगभरचे भौतिकशास्त्रज्ञ जमले. त्याच सुमारास ‘नेचर’ नियतकालिकाने अकराशेहून अधिक शास्त्रज्ञांना विचारले की, या गणिताचा अर्थ काय? सर्वाधिक पसंती कोपनहेगनच्या मांडणीला मिळाली, तीही एक-तृतीयांशाहून जराशीच जास्त. बाकीचे अनेक मतांत विखुरलेले. गणिताबद्दल वाद नाही, निकालांबद्दल नाही, अर्थाबद्दल आहे. काही मांडण्यांची परीक्षा घेता येते. तरंगफलन गुरुत्वाकर्षणामुळे आपोआप कोसळते, अशी एक सूचना डिओसी आणि पेनरोज यांनी केली आहे. तसे घडत असेल तर अतिशय क्षीण प्रारण बाहेर पडायला हवे. इटलीत ग्रान सास्सो पर्वताखालच्या प्रयोगशाळेत, वैश्विक किरणांपासून दूर, जर्मेनियमचा संवेदक ठेवून ते शोधण्यात आले. २०२० साली निकाल प्रसिद्ध झाला : अपेक्षित प्रारण दिसले नाही, त्या मांडणीचे सर्वांत साधे रूप बाद झाले. तिची इतर रूपे शिल्लक आहेत आणि त्यांच्यासाठी अधिक सूक्ष्म प्रयोगांची आखणी चालू आहे.

अध्यक्ष महोदयांनी प्रश्नोत्तरांसाठी वेळ राखून ठेवला आहे. समीकरणे सोडून काहीही विचारावे.